सुम्याची रिकामी जागा

रिक्षावाल्या काकांच्या फोनवर आमचंच गाणं लागलं. सुम्या गेल्यावर आम्ही तिघांनी त्याच्यासाठी केलेलं रॅप. काकांना ते कुणाचं हे ठाऊक नव्हतं. ते नुसती मान डोलवत होते.

सुम्या होता तेव्हा आम्ही चौघं शाळेमागच्या पाण्याच्या टाकीखाली जमायचो. गोल करून उभं राहायचं, एकानं तोंडानं बीट धरायचा आणि ज्याची पाळी येईल त्यानं रॅप करायचं. सुम्या हमखास अडखळायचा, हसायचा आणि म्हणायचा, "थांब रे, परत घेतो." रेकॉर्डिंग साफ करायचं काम माझं. त्याचं ते हसणं, ती धाप, ते 'परत घेतो' मी वर्षानुवर्षं इमानदारीनं कापून टाकलं. तो गेल्यावर शोधायला बसलो, तर त्याच्या सगळ्या ओळी सापडल्या, अगदी चकचकीत. त्यात सुम्या मात्र कुठंच नव्हता. माणसाचं आपण काय जपतो आणि काय झाडून टाकतो, ते त्या दिवशी कळलं. शेवटी एका जुन्या फोनमध्ये ते वाक्य मिळालं, एकदाच. तेच आम्ही गाण्याच्या शेवटी लावलं.

रिक्षात गाणं शेवटाला आलं. सुम्या म्हणाला, "थांब रे, परत घेतो." पुढे नुसता बीट वाजत राहिला. काकांनी फोनवर दोनदा बोट आपटलं.

"अडकलं वाटतं."

"अडकलं नाही, काका. वाजू द्या," मी म्हणालो. "आता त्याची पाळी आहे."