हॉटस्पॉटवर आणखी कोणीतरी

बदलापूरच्या कात्रपमध्ये रस्ता खोदला की आमचं इंटरनेट जातं, आणि रस्ता कायम खोदलेलाच असतो. त्या दिवशीही केबल तुटली होती. मी घरून काम करते, त्यामुळे मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला आणि फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. आमच्या घरात रेंज तेवढ्याच एका जागी येते, म्हणून ऑफिसही तिथंच, ओट्याला लागून. सकाळपासून हेडफोन लावून मीटिंगमागून मीटिंग चालली होती. निम्मी माणसं मला गोठलेली दिसत होती, उरलेल्यांना मी. डोकं फिरलं होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीतही लॅपटॉप रखडतच होता, म्हणून चिडून हॉटस्पॉटची सेटिंग उघडली. दोन उपकरणं जोडलेली दिसली. एक माझा लॅपटॉप. दुसऱ्याचं नाव 'आजी'.

तो शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या काकूंचा फोन. नातवानं त्याला ते नाव देऊन ठेवलं होतं. काकू मूळच्या बदलापूर गावातल्या, शेतजमीन बिल्डरला गेल्यावर इथे राहायला आलेल्या. रिचार्ज संपला की त्यांचा फोन मुका व्हायचा, इनकमिंगसुद्धा बंद. व्हिडिओ कॉलवर नातू तरी दिसावा म्हणून मीच माझा पासवर्ड त्यात टाकून दिला होता. तेव्हापासून माझा हॉटस्पॉट लागला की तो फोन भिंतीपलीकडून आपोआप जोडला जायचा.

पण काकू घरात नव्हत्या. भाचीच्या हळदीला पहाटेच वांगणीला जाणार, हे सांगून सांगून त्यांनी अख्ख्या मजल्याचे कान किटवले होते.

मी लॅपटॉप बंद केला. यादीत एकटी 'आजी' उरली. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा लावला. क्षणभर यादी रिकामी राहिली, मग 'आजी' परत आली. फोन घरी विसरल्या असतील, साधी गोष्ट आहे, असं मी स्वतःला समजावलं.

तरी बाहेर जाऊन त्यांची बेल वाजवली. दाराला लॅच, त्यामुळे माणूस आत आहे की गावाला गेलंय हे बाहेरून कळायची सोय नाही. कोणी आलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी जिना उतरत होते. "अहो मॅडम, त्या पहाटेच गेल्या. फोन राहिला असेल घरी," ते म्हणाले. पटण्यासारखंच होतं. घरात येऊन मी उगाचच व्हॉट्सॲपवरून कॉल लावला.

भिंतीपलीकडे त्यांच्या देवीची आरती वाजायला लागली. आवाज ओट्याच्या उंचीवरून येत होता. मग धप्पकन काहीतरी पडलं आणि तीच आरती जमिनीलगत वाजू लागली.

खोटं कशाला सांगू, मला आधी भूत आठवलं, काकू नंतर. पण आठवल्या तशी मी ओरडतच जिन्याकडे धावले. सेक्रेटरी परत वर आले. व्हायब्रेशननं पडला असेल, असं त्यांनी म्हणून बघितलं, पण माझा चेहरा पाहून खालच्या दुकानातून पहार मागवली. लॅच एका दणक्यात तुटलं.

काकू ओट्याखाली पडल्या होत्या. हळदीसाठी नेसलेली नवी साडी, कमरेखाली एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. मुठीत चार्जरची वायर होती आणि फोन शेजारी लादीवर अजून वाजत होता. पहाटे निघता निघता पाय घसरला होता, आणि त्या वायरपर्यंत सरपटत पोचायला त्यांना दुपार झाली होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडायलाच लागले. सेक्रेटरी ॲम्ब्युलन्सला फोन करत होते.

"रडू नको गो," काकू म्हणाल्या. घशातून नुसती हवा येत होती. "आरडून आरडून माजा घसा बसला. तू सकालपासून सारखी इचारतंस, आवाज येतोय का, मी ऐकू येते का. मी दरयेली सांगतंय, येतंय गो बाय, येतंय."

बोलून त्या दमल्या. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तू मना नव्हतीस इचारत, ना?"