प्रश्नाला उत्तर देणारा तांडा

वारंगा फाट्यावर पुण्याची एसटी आली तेव्हा बापूंनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या बॅगेत पत्रकांचा गठ्ठा कोंबला. पाण्याच्या टाकीसाठी छापलेली, उरलेली, एका बाजूने कोरी पत्रकं. लिहायला लागतील, एवढंच म्हणाले. याडी, म्हणजे माझी आई, खिडकीखाली उभी राहून काचेला बोटं लावत होती. दादा माझ्या सीटसाठी कंडक्टरशी भांडत होता. गाडी हलली तेव्हा मी रडले नाही. मला राग आला होता. नीट इंग्रजी शिकायला आमच्या पोरींनी एवढं लांब का जायचं?

तांड्यात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

अक्षरं मी शाळेत गिरवली, पण वाचायला शिकले ते बापूंच्या पत्रकांवर. ते शेती करायचे आणि रस्ता, पाणी, रेशन, जे अडेल त्यावर पत्रक लिहून हिंगोलीहून छापून आणायचे. घरात आम्ही गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलतो, पण पत्रकाचा विषय निघाला की बापू मराठीवर यायचे, जणू साहेब दारात उभा आहे. प्रत्येक पत्रकात प्रश्न असायचे आणि शेवटी एक ओळ: उत्तर द्यावे. ही ओळ शोभेची नव्हती. पत्रक दिलं की ते जेवणाचा डबा घेऊन कार्यालयाच्या पायरीवर बसायचे, उत्तर मिळेपर्यंत.

पुण्यात मी इंग्रजीतून लोकांना पटवून देणारं लेखन शिकवणाऱ्या वर्गात गेले. मॅडम कडक होत्या आणि जीव लावून शिकवायच्या. त्यांनी इडियम शिकवले. रेटॉरिकल क्वेश्चन शिकवला: असा प्रश्न, ज्याचं उत्तर वाचकाला आधीच ठाऊक असतं आणि म्हणून कोणी देत नाही. मी ते सगळं पाठकोऱ्या पत्रकांवर उतरवून घ्यायचे आणि फोनवर बापूंना सांगायचे. उंटाच्या पाठीवर शेवटची काडी पडते आणि पाठ मोडते, हा इडियमही सांगितला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांत हिंडलेले.

"काडीनं न्हाई मोडत पाठ," बापू म्हणाले. "लादणाऱ्यानं मोडते. तुह्या इंग्रजीत त्याचं नाव काहून न्हाई?"

मी हसले. पण त्यानंतर तो इडियम माझ्याच्याने वापरवला नाही.

मग तांड्यातली चौथीपर्यंतची शाळा बंद करायचा कागद आला. पट कमी झालाय, मुलांनी हायवेपलीकडच्या शाळेत जावं. मी पेटले. इंग्रजी पेपरासाठी लेख लिहिला आणि शिकलेलं सगळं त्यात ओतलं. मॅडमनी पाठ थोपटली. पण तांड्याच्या नावाने जाणारा मजकूर तांड्याला ऐकवल्याशिवाय पाठवायचा नाही, ही बापूंची शिस्त. दिवाळीला घरी गेले आणि शाळेच्या ओट्यावर लेख मराठीत करून वाचायला लागले.

"सहा वर्षांच्या लेकराने हायवे एकट्याने ओलांडायचा का?" मी विचारलं आणि परिणामासाठी थांबले.

"एकटं कशाला? मी नेते की," समोर बसलेली सोनाकाकी म्हणाली. "पर माह्या बकऱ्या तू राखशील का?"

सगळे हसले. मी समजावलं की या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

"मंग इचारलं काहून?"

पुढच्या प्रश्नाला उत्तर आलं, त्याच्या पुढच्यालाही. शाळेच्या वेळेलाच हळदीचे ट्रक वसमतकडे निघतात, हे कोणी सांगितलं. पलीकडच्या शाळेत आपल्या लेकरांना मागच्या रांगेत बसवतात, हे एका बाईने सांगितलं. मी चिडत होते, माझी लय तुटत होती. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडायचा. मी तो मोठ्याने वाचला: "या शाळेचे वर्ग कोणी रिकामे केले?"

माझं बोट शाळा बंद करणाऱ्या कार्यालयाकडे होतं. मग दादा उठला.

"म्या केले," तो म्हणाला. "दोन्ही लेकरं फाट्यावरच्या इंग्लिश मीडियमला घातली. तुहं इंग्रजी बघून घातली. बाकीच्यांनी माहं बघून."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्यात माझ्याबद्दलचा अभिमानच होता, आणि तेच मला सोसवेना. मी बापूंकडे पाहिलं.

"हे बी लिव," ते म्हणाले.

पुण्याला परतल्यावर मी लेख पुन्हा लिहिला. प्रश्न तेच ठेवले आणि प्रत्येकाखाली तांड्याचं उत्तर दिलं. दादाचंही, त्याला विचारून. मॅडम म्हणाल्या, याने तुझी बाजू लंगडी होईल. मी म्हटलं, होऊ दे, बाजू आमची आहे. लेख छापून आला. शाळा बंद करायचा निर्णय वर्षापुरता थांबला. लेखामुळे, की बापू पायरीवर जाऊन बसले म्हणून, कोण सांगणार? कागदावर कारण नव्हतं. जूनमध्ये दादाने धाकट्या मीराला तांड्याच्या शाळेत परत आणलं. थोरला तिकडेच आहे. मीराला इंग्रजी मी शिकवायचं, ही दादाची अट. रोज संध्याकाळी फोनवर शिकवते.

इथे लोक मायेने विचारतात, गावाची आठवण येत असेल ना? आणि उत्तर यायच्या आत पुढे बोलू लागतात. मलाही ती सवय लागली आहे. पूर्वी घर म्हटलं की मला वाट आठवायची, चूल आठवायची. आता मी काही विचारलं की त्यावर कोणी खरंच विचार करत बसतं, ते घर वाटतं. परवा मीराला शब्द पाठ होईनात आणि मी वैतागून म्हणाले, "मी इथं काय करून राहिले, काय माहीत?"

फोनवर ती थांबली. मला वाटलं, रुसली.

"तू आमच्या शाळेची मास्तरीण हाय ना, आत्या," ती नीट विचार करून म्हणाली. "लांब राहती, बस."