टीचरांना परवानगी नाही

इंटरनेटसाठी फोन लावला आणि मॉडेम किंचाळायला लागला की टीचर खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. हात बांधून, डोळे मिटून, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. जोडणी लागली की बसायच्या. महिनाभरात त्यांचा कान इतका तयार झाला की पहिल्या दोन किंकाळ्यांतच निकाल द्यायच्या, "ह्यो लागूचो नाय." आणि तो खरंच लागत नसे.

आचऱ्यात आमच्या दगडी गडग्यापलीकडे त्यांचं घर. निवृत्त शिक्षिका, नवरा कधीच वारलेला, एकुलता एक आंतोन मालवाहू जहाजावर. त्याची खुशाली ईमेलनेच यायची. मी मालवणला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणून एक जुनं मशीन आणून त्यावर लिनक्स ही प्रणाली घालून द्यायचा मान मला मिळाला. टीचर उत्तर आधी वहीत लिहायच्या, लाल पेनाने स्वतःच्याच चुका काढायच्या आणि मगच टाइप करायच्या. "लाइन तुटली तर तुटांदे, शुद्धलेखन चुकाक नाय होया," हा त्यांचा नियम.

लिनक्सवर मशीनचा एक मालक असतो, त्याला रूट म्हणतात. बाकीचे सगळे साधे वापरकर्ते. फोन लावायचा अधिकार मी रूटपाशीच ठेवला होता आणि रूटचा पासवर्ड माझ्यापाशी. टीचरांनी स्वतः लावून बघितला की पडद्यावर यायचं, परवानगी नाही. "चाळीस वर्षां मी पोरांक परवानगी देय होतंय, आता तुझ्याकडे मागतंय. माका फक्त फोन लावूचो आसा रे, तुझी मशीन मोडूची नाय." त्यावर मी सुरक्षिततेचं व्याख्यान झोडायचो. खरं कारण आता लपवून काय करू? रोज दुपारी कुणीतरी आपली वाट बघतं, हे मला आवडायचं.

मी पासवर्ड टाइप करायला लागलो की टीचर तोंड खिडकीकडे फिरवायच्या. एकदाही वळून बघितलं नाही. "दुसऱ्याच्या पाटयेत बघू नये," म्हणायच्या आणि माडांकडे बघत राहायच्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आंतोनचं पत्र आलं. पोटात फार दुखतंय, परवा बंदर लागेल, तिथे उतरून घरी येऊ की गोळ्या घेऊन पुढे जाऊ? उतरलो तर पुन्हा घेतील याची खात्री नाही. आई, तू सांगशील तसं करतो. टीचर वही उघडून बसल्या. मला दुपारची एसटी गाठायची होती. "सावकाश लिहा, आल्यावर पाठवू," असं म्हणून मी दीड दिवसाच्या गणपतीसाठी आमच्या मूळ घरी निघून गेलो. पत्रातला 'परवा' मी वाचला होता. तरी गेलो.

त्या घरी फोन नव्हता. टीचर एसटीने मालवणला जाऊन आल्या. तिथला एकमेव सायबर कॅफे चतुर्थीसाठी बंद होता.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी परतलो तर टीचर त्यांच्या पायरीवर वही घेऊन उभ्या. वहीत आंतोनसाठी एकच ओळ होती, "उतर आणि घरी ये." लाल दुरुस्ती कुठेच नव्हती. खाली दोन दिवसांत फोन लावायचा प्रयत्न केला त्या सगळ्या वेळा आणि प्रत्येकीपुढे सुवाच्य अक्षरात 'परवानगी नाही.'

मी फोन लावला. त्याचं पत्र आधीच येऊन पडलं होतं. 'तुझं उत्तर नाही, म्हणजे पुढे जा असंच तुझं म्हणणं असेल. जहाज सुटतंय.' आम्ही ती ओळ पाठवली. पाच दिवसांनी कंपनीचा फोन आला. अपेंडिक्स भर समुद्रात फुटून आंतोन गेला होता.

टीचर मला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे एकदा खिडकीकडे बघत एवढंच म्हणाल्या, "एकदा तुझ्या बोटांकडे बघलां असतां तर माझो झील घराक इलो असतो."

त्याच दुपारी मी त्यांच्या नावाला परवानगी दिली. एका ओळीचा बदल, अर्ध्या मिनिटाचं काम. मग बाजूला झालो. टीचरांनी पहिल्यांदाच स्वतः फोन लावला. मॉडेम किंचाळला. त्या उठल्या, हात बांधले, डोळे मिटले. जोडणी लागली.

त्या बसल्या नाहीत.