रेजिनाबाईंचा उजवा गुडघा

रेजिनाबाईंचा कागद वर धरून मी सगळ्या वर्गाला म्हणालो, "बघा, असा भरायचा!" त्या वेळी त्यांच्या गुडघ्यात पू साठत होता. हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी सांगितलं तेही अर्धवट.

मी अंधेरीतल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होतो. दर गुरुवारी संधिवाताच्या पेशंटना स्वतःचे सांधे तपासायला शिकवायचो. हा वयामुळे होणारा झिजेचा आजार नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. तपासणी सोपी होती. अंगठ्याने सांधा दाबायचा, नख पांढरं पडेल इतकाच. मग हाताची पालथी बाजू लावून ऊब बघायची, डावं-उजवं ताडून. कागदावर माणसाचं चित्र, त्यावर अठ्ठावीस गोल. दुखरा सांधा रोज रंगवायचा.

सुरुवातीला पेशंट बारीकसारीक कळ आली तरी फोन करत. मी वैतागलो आणि नियम केला: फोन नको, कागदावर लिहा, गुरुवारी बघू.

रेजिनाबाई मरोळच्या गावठाणातल्या. वर्गात सगळ्यांत हुशार. एका सोमवारी त्यांचा फोन आला.

"सर, उजवा गुडघा एकदम गरम लागतो. एकच. डावा थंड हाय."

"ताप?"

"नाय."

"मग लिहून ठेवा. गुरुवारी बघू."

"चालेल ना पण, सर?"

"अहो, नियम तुम्हीच मोडलात तर बाकीचे काय करतील?"

त्या हसल्या. "बरं बरं. नाय करत परत."

गुरुवारी कागद आला. चारही दिवस एकच गोल रंगवलेला. शेजारी 'गरम', खाली दोन रेघा. मी तो वर्गाला दाखवला. नाहूरचे सावंतकाका म्हणाले, "बाई, पहिला नंबर तुमचाच. आम्हाला कॉपी करू द्या!" सगळे हसले. रेजिनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तेव्हा कुठे मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो वाकतच नव्हता. गुडघ्याला पालथा हात लावला आणि चटकन मागे घेतला.

एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला, तर आत जंतुसंसर्ग असू शकतो. संधिवाताची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे ताप येईलच असं नाही. हे मला माहीत होतं. लोक घाबरतील म्हणून वर्गात सांगत नव्हतो.

दुपारीच ऑपरेशन झालं. गुडघा उघडून धुतला. मी बाहेर उभा राहून सोमवारचा फोन पुन्हा पुन्हा आठवत होतो. सर्जन बाहेर आले.

"पाय राहील. वाकेल किती, ते आत्ता विचारू नका. इतके दिवस काय करत होती ही?"

मी म्हणालो, "पेशंट आजच आली, सर."

फाइलमध्ये नोंद झाली: पेशंट उशिरा आली.

त्यानंतर मी फळ्यावर नवा नियम लिहिला: एकच सांधा, अचानक, गरम, त्याच दिवशी हॉस्पिटल. तो शेवटपर्यंत पुसला नाही. तपासायला शिकवलं आणि कधी धावायचं ते सांगितलं नाही, तर शिकवणं अर्धंच.

रेजिनाबाई काठी घेऊन वर्गात परत आल्या. चर्चमध्ये त्यांना पुन्हा गुडघे टेकता आले नाहीत. पहिल्या दिवशी मला विचारलं, "सर, कागद बरोबर भरलेला ना मी?"

"एकदम बरोबर."

पुढे प्रत्येक नव्या बॅचसमोर त्या उभ्या राहायच्या. "माझी चूक बघा. सरांना फोनवर मला नीट सांगता नाय आलं. तुम्ही नीट सांगा." मी शेजारीच उभा असायचो. धडा चांगला होता, म्हणून सांगू दिला.

रिटायर झाल्यावर मी मरोळला त्यांच्या घरी गेलो. एक वाक्य घोकून नेलं होतं. त्यांनी सुनेला हाक मारली. "अगं, हेच ते सर. यांच्यामुळे पाय राहिला." कॉफी आली. मी त्यांची बोटं तपासली. निघताना दारात त्या म्हणाल्या, "सर, काय बोलायचं होतं काय?"

"नाही. सहज आलो होतो."

गेल्या वर्षी त्या गेल्या. वाक्य एवढंच होतं: रेजिनाबाई, तुम्ही फोनवर अगदी नीट सांगितलं होतं.