नॅचरलबाई आणि गारठलेली नवरी

मजल्यावर सगळे तिला नॅचरलबाई म्हणतात, आणि हे नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलंय. कुणी पडदे बदलले, कुणी केस रंगवले, की ही दारात मान तिरकी करून उभी: "छान आहे, पण नॅचरल नाही वाटत." बावीस वर्षं कॉम्प्युटरवर लग्नांचे फोटो उजळणाऱ्या बाईकडून दुसरं काय ऐकायला मिळणार? फोटोग्राफर कच्चे फोटो आणून टाकतो, काळवंडलेले, मरगळलेले. ही खिडकीशी खुर्ची ओढून एकेकाला उजेडात आणते. शेकडो नवऱ्या हाताखालून गेल्या, आमंत्रण एकीचंही नाही.

या खेपेला सहाशे बारा फोटो. मान धरली, पाठ गेली, चहा गार होऊन त्यावर साय धरली. एकदाचे सकाळी पाठवले, तर दुपारी फोटोग्राफरचा फोन.

"वहिनी, नवरीची आई रडतेय हो. म्हणते, पोर फ्रीजमधून काढल्यासारखी दिसतेय."

"तिचा फोनच खराब असेल."

"सगळ्यांचेच? मागच्या लग्नातही हेच झालं, मी गप्प बसलो. संध्याकाळपर्यंत नीट करा, नाहीतर यापुढचं काम दुसरीकडे द्यावं लागेल मला."

तिनं फोटो उघडला. नवरी तर टवटवीत दिसत होती!

मागे पलंगावर सासूबाई मटार सोलत होत्या. "अगं, थंडी वाजतेय का या पोरीला? ओठ बघ, जांभळे."

"आई, तुम्हाला काय कळतंय रंगातलं!"

"रंगातलं नाही, मोतीबिंदूतलं कळतं. ऑपरेशननंतर माझी पट्टी काढली तेव्हा काय विचारलं होतं मी?"

भिंतींना पांढरा रंग कधी दिलात, असं विचारलं होतं. भिंती आधीपासून पांढऱ्याच होत्या. घरभर हसं झालं, आणि सगळ्यात जास्त हसली होती ती ही सूनबाई.

आता हसू येईना. तिच्याही डोळ्यांवर तसाच पिवळट पडदा चढत होता, आणि ही तो पिवळेपणा घालवायला नवरीवर निळं ओतत बसली होती.

"कधीपासून कळत होतं तुम्हाला?"

"दोन महिने झाले. बोलले असते, तर म्हणाली असतीस, सासू टोमणे मारते."

"म्हणालेच असते," ती थकून म्हणाली.

रडत बसायला वेळ नव्हता. तिनं नवरदेवाच्या पांढऱ्या कॉलरवर बाण टेकवला आणि लाल, हिरवा, निळा, तिन्ही आकडे सारखे केले. आकड्यांनी पांढरं खरंच पांढरं झालं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. नवशिक्यांची ही युक्ती; आजवर ती नाक मुरडायची. उजेड बदलला की आकडे पुन्हा जुळवायचे: हॉलचे वेगळे, बागेतले वेगळे, स्टेजवरचे वेगळे. प्रत्येक वेळी पडद्यावर कावीळ झालेली वऱ्हाडी मंडळी उभी राहायची आणि तिचा हात आपोआप निळ्याकडे सरकायचा.

"हात काढ," मागून आवाज यायचा.

"आई, भयानक दिसतायत हो!"

"माणसांसारखी दिसतायत. चल, पुढचा."

दिवे लागायच्या वेळी तिनं सगळे फोटो पाठवले, एकही मनाला न पटता. थोड्या वेळानं फोन आला.

"वहिनी, जिंकलंत! नवरीची आई म्हणते, हीच माझी पोर. पुढचं लग्न पाठवू?"

"पाठवा. पण मधे मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. जरा उशीर होईल."

फोन ठेवून ती पडद्यावरच्या नवरीच्या, तिला अजून पिवळ्याच दिसणाऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"आई, दिसायला सुंदर आहे का हो ही?"

सासूबाईंनी पुढे वाकून नीट पाहिलं.

"बेताचीच. नाक बापावर गेलंय. पण खूश आहे."