फौजदारांच्या घराची झडती

माझ्या सासऱ्यांना गल्लीत कोणी नावाने ओळखत नाही. सगळे त्यांना फौजदार म्हणतात. नोकरी मात्र जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणाऱ्या कारखान्यात. पोलिसांशी संबंध एवढाच की समोरचा माणूस गुन्हेगार आहे असं धरूनच ते बोलायला सुरुवात करतात. दूधवाला लवकर आला तरी कुठेतरी पाणी मुरतंय, उशिरा आला तरी मुरतंय. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, "मुलगी एवढी गुणी आहे म्हणता, मग देताय कशाला?" माझे वडील हसले. मला अजून हसू आलेलं नाही.

आमची छकुली नुकती चालायला लागली होती. ती जेवेना, सारखी किरकिर करायला लागली, म्हणून रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातच कुठूनतरी पोटात जातंय, लवकर शोधा, नाहीतर मेंदूवर परिणाम होईल. घरात कोणी शिशाचं काम करतं का, हेही त्यांनी विचारलं. "कारखान्यात अंघोळीची, कपडे बदलायची सगळी सोय आहे," फौजदार म्हणाले. ते खरंच होतं. विचारलं तेवढंच सांगायचं, हा त्यांचा नियम.

घरी आल्यावर मी स्पष्ट सांगितलं, की कारण सापडलं नाही तर मी पोरीला घेऊन माहेरी जाणार. नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मग तपास सुरू झाला. आधी खेळणी, मग नळ, मग शेजाऱ्यांनी दिलेली पुस्तकं आणि शेवटी मी. "आई फोनवर असते, पोर काय तोंडात घालते ते बघतंय कोण?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आवाज चढवला तर म्हणतात कसे, "खाई त्याला खवखवे."

आरोग्य खात्याने एक बाई पाठवली. तिच्या बादलीत खळीसारखं दाट, पांढरं काहीतरी होतं. ते ब्रशने जाडसर फासायचं, वाळलं की पापुद्रा सोलून काढायचा, धूळ त्यात चिकटून येते. शिसं असेल तिथे पापुद्रा काळा पडतो.

"धुऊन का नाही काढत?" फौजदारांची उलटतपासणी सुरू झाली.

"धुतलं की विष गटारात जातं, काका. तिथून दुसऱ्याच्या पाण्यात. याचा पापुद्रा पिशवीत बंद करून नेता येतो."

"यात घातलंय काय?"

"स्टार्च आणि शेवाळाचा चीक. अपाय नाही, वाससुद्धा नाही."

"वास नाही म्हणजे लपवायला बरं," फौजदार म्हणाले.

बाईने चौकटी, भिंतीचा खालचा भाग, स्वयंपाकघरातल्या फळ्या सगळं फासलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सोलायला बसली. फौजदारांनी रजा घेतली होती. सुटलेला प्रत्येक पापुद्रा ते उजेडात धरून बघत होते. पांढरा. पुढचाही पांढरा. एकदा तरी काळा निघू दे, असं मला वाटत होतं. निदान कळलं तरी असतं की पोरीला कशापासून वाचवायचं.

"कारण घरात नाहीच. रंगही बदलत नसेल याचा," ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. ही खुर्ची त्यांनी फासू दिली नव्हती. म्हणे पॉलिश जाईल. कामावरून आले की चहा होईपर्यंत ते तिच्यात बसतात आणि छकुली त्यांच्या मांडीवर.

"बाबा, माझीसुद्धा झडती झाली," मी म्हटलं. "खुर्ची काय तुमची जावई लागते?"

ते ताडकन उठले. "फासा! एकदाचं समाधान होऊ दे हिचं."

संध्याकाळी बाईने हाताच्या दांड्यांवरचा पापुद्रा हळूच ओढला. तो काळा होता. जिथे तळवे टेकतात तिथे सगळ्यात काळा, आणि पुढच्या टोकाला, जिथे छकुली उभी राहून लाकूड चावते, तिथेही.

बाईने खालच्या आवाजात विचारलं, "काका, तुम्ही कारखान्यात अंघोळ नाही करत?"

"तिथला साबण फुकट आहे. फुकटच्या साबणात काय असेल, कोणी सांगावं?"

"आणि कपडे?"

"कपाटाची दुसरी किल्ली वॉचमनकडे असते." त्यांचा आवाज बसत चालला होता. "म्हणून मी... अंगावरचेच ठेवतो. घरी आल्यावर, चहा झाला की करतो ना अंघोळ."

जाताना घातलेला शर्ट येतानाही अंगावर असतो, हे मी रोज बघत होते. कारखान्यात काम करताना दुसरे कपडे घालत असतील, असं मी धरून चालले होते. 'सापडला का चोर, फौजदार?' अगदी ओठांवर आलं होतं. त्या क्षणी मला आनंद झाला, उगीच कशाला नाकारू? मग त्यांचा चेहरा दिसला आणि माझी जीभ रेटेना. त्यांची कीव येत होती आणि रागही तसाच होता. ते पिशवीत जाणाऱ्या पापुद्र्याकडे बघत होते. या वेळी तो उजेडात धरून बघायला त्यांनी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले ते ओल्या केसांनी, दुसऱ्या कपड्यांत. अंगाला कारखान्याच्या साबणाचा वास होता. छकुली दुडुदुडु धावत गेली आणि तिने दोन्ही हात वर केले. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"घ्या ना बाबा," मी म्हटलं. "अंघोळ झालीय ना तुमची?"

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "आधी तू बघ," ते म्हणाले. "माझा काही भरवसा नाही."

मी त्यांचे हात हातात घेतले आणि एकेक नख तपासू लागले. छकुली त्यांच्या पायाला मिठी मारून रडत होती, आणि ते हलत नव्हते.