लग्नाच्या अक्षरांतला कागद

आज आलेल्या लग्नपत्रिकेवरची लांब शेपट्यांची, वळणदार अक्षरं पाहून ती दुपार आठवली. स्मरणशक्ती गेलेले वडील सकाळपासून सापडत नव्हते. नारायण पेठेतल्या छपाईवाल्याने त्यांच्या फोटोखाली ‘हरवले आहेत’ नेमकं त्याच अक्षरांत छापलं. मी म्हटलं, “अहो, हे आमंत्रण वाटतंय.” तो म्हणाला, “मग लोक वाचतील तरी.” भांडायला वेळ नव्हता. गरम कागद उचलले आणि उन्हात भिंतीभिंतीवर चिकटवत सुटले. संध्याकाळी बिबवेवाडीत वडीलच एका कागदापुढे उभे दिसले. फोटोवरून नजर फिरवून त्यांनी मला विचारलं, “अक्षर देखणं आहे. कोणाचं लग्न हो, बाई?” मी म्हटलं, “ओळखीतलंच आहे, चला.” त्यांनी स्वतःला ओळखलं नव्हतं आणि मलाही नाही, हे मी घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.